तळमजल्याचा हिशेब

लालबागच्या पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला. उघड्यावर बसून मासळी आणि चारदोन जिन्नस विकणाऱ्यांची बसायची जागाच गेली. बाजाराला कायमची जागा मिळू दे, असा नवस त्या विक्रेत्यांनी गणपतीला केला. खटपटीला यश आलं, मालकानं जागा दिली आणि १९३४ साली कोळ्याच्या वेशातली गणेशमूर्ती तिथं बसली. तोच आजचा लालबागचा राजा. दरवर्षी लाखो माणसं त्याच्या दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभी राहतात. हा गणपती एका बाजारासाठी बोललेल्या नवसाचा आहे, हे त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

मला ही हकीकत फार मोलाची वाटते. बाजार ही देवाकडे मागण्याजोगी गोष्ट आहे, असं त्या वस्तीला मनापासून वाटत होतं. आज त्याच लालबाग-परळ-वरळीच्या पट्ट्यात चाळीस, पन्नास, साठ मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि आणखी उठताहेत. पूर्वी जिथं एक बैठी चाळ होती तिथं आता शेकडो कुटुंबं राहतात. त्यांच्या खिशात पूर्वीच्या रहिवाशांपेक्षा कितीतरी जास्त पैसा आहे. मग खालचा रस्ता दुप्पट गजबजायला हवा होता. पण सेनापती बापट मार्गावरून किंवा गणपतराव कदम मार्गावरून संध्याकाळी सातनंतर चालत जाऊन बघा. मोटारी खच्चून भरलेल्या असतात. पायी चालणाऱ्याला मात्र भिंत, गेट, भिंत, उताराचा रॅम्प आणि पुन्हा भिंत एवढंच दिसतं. माणसं वाढूनही रस्ता ओसाड होतो तो कशामुळे, याचं उत्तर आपण फार वर शोधतो. ते तळमजल्यावर आहे.

या पट्ट्याचा, म्हणजे गिरणगावचा, रस्ता जिवंत कसा झाला हे आधी पाहिलं पाहिजे, कारण तो कुणी आखून केलेला नव्हता. मुंबईत ५८ कापडगिरण्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक याच भागात. तीन पाळ्या चालायच्या. भोंगा झाला की एका पाळीचे हजारो कामगार बाहेर आणि दुसऱ्या पाळीचे आत. ही सगळी माणसं पायी यायची-जायची. त्यामुळे पहाटे चहाच्या टपरीला गिऱ्हाईक होतं, दुपारी होतं आणि रात्री बारालाही होतं. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार दहा बाय बाराच्या खोलीत आणखी दहाबारा जणांबरोबर राहायचा. तो जेवायचा खानावळीत. या खानावळी चाळीतल्या बायका चालवत, महिन्याच्या बोलीवर, बहुधा कर्ज काढून. त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. वाण्याची वही, पानवाला, हजाम, मटणाचं दुकान, व्यायामशाळा, भजनी मंडळाची खोली, चिवड्याची गल्ली, मसाल्याची गल्ली, सगळं या पायी चालणाऱ्या माणसाच्या वेळापत्रकावर उभं राहिलं होतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा कित्येक घरांतली चूल पेटत राहिली ती वाण्याच्या उधारीवर. उधारीचा तो माणूस तळमजल्यावरच बसलेला होता.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गिरण्यांच्या जमिनी सुमारे ६०० एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं त्यांचे ढोबळमानानं तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा म्हणून १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची धरायची असं ठरलं आणि पालिकेचा व म्हाडाचा वाटा आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती ग्राह्य धरली. उद्यानं किती बुडाली, घरं किती बुडाली, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. त्यात एक नुकसान नोंदायचं राहून गेलं. एकत्रित आराखडाच न झाल्यामुळे प्रत्येक गिरणीचा विकास तिच्या तिच्या कंपाऊंडच्या आत झाला. जुनी भिंत शहराच्या नव्या नकाशातही भिंतच राहिली.

यावर कुणी म्हणेल, गिरण्यांनाही भिंती होत्याच की, लांबच लांब आणि काळ्या दगडाच्या. होत्या. पण त्या भिंतीसमोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला चाळी होत्या आणि चाळींच्या तळमजल्यावर दुकानं होती. भिंतीतलं दार दिवसातून तीनदा उघडायचं ते माणसांसाठी. आता तेच दार मोटारींसाठी उघडतं. समोरच्या चाळीचा पुनर्विकास झाला की तीही बाजू भिंत होऊन जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली की मधे उरतो तो फक्त वाहतुकीचा नाला.

माणसं पायी येत नाहीत म्हणून हे झालं, असंही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं मेली. तो पूल गिरण्यांच्या काळचा. भोवताली कचेऱ्यांचे मजल्यावर मजले चढले, त्यांत रोज कामाला येणारी माणसं लोकलनंच येत होती, आणि त्यांनी चालायचं कुठून हे कुठल्याच परवानगीच्या कागदावर नव्हतं. त्याच कचेऱ्यांबाहेर दुपारी एक वाजता बघा. काचेच्या इमारतींतून माणसं झुंडीनं खाली उतरतात आणि कंपाऊंडच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डोसेवाल्याकडे, सँडविचवाल्याकडे, भुर्जीपाववाल्याकडे जातात. हातात थाळी घेऊन, टेकायला जागा नाही म्हणून दुचाकीच्या सीटवर ती ठेवून जेवतात. गिऱ्हाईक आहे, विकणारा आहे, भूक आहे. इमारतीनं या सगळ्याला दिलेली जागा शून्य आहे.

टॉवरचा तळमजला असा का होतो? त्यात कुणा एकाचा दुष्टावा नाही. प्रत्येक गोष्टीला आपलं कारण आहे, आणि कारण पटण्यासारखंही आहे. अग्निशमन दलाचा बंब फिरायला इमारतीभोवती मोकळी जागा हवी. घर मोठं म्हणून मोटारी ठेवायची जागा जास्त हवी. मग पोडियम आला, पाचसहा मजले नुसत्या गाड्यांचे. पोडियमला रॅम्प हवा. रॅम्पपाशी वॉचमनची केबिन, बूम बॅरियर, बाजूला विजेचं सबस्टेशन, पंपरूम, कचऱ्याची खोली. हे सगळं बसवल्यावर फुटपाथला लागून जे उरतं तिथं भिंत बांधून वर शोभेची झाडं लावतात. बंबाचा हिशेब तपासणारा अधिकारी आहे, पार्किंगचा आहे, उंचीचा आहे, एफएसआयचा तर दशांशापर्यंत आहे. रस्त्याकडे किती दारं उघडतात हे मोजणारं टेबल पालिकेत नाही. मुंबईनं एका काळात सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला बक्षीस म्हणून जादा एफएसआय दिला. ज्याला बक्षीस ते शहरात वाढलं. फुटपाथलगत दहा छोटे गाळे देणाऱ्याला असं काही मिळालं असतं, तर आज परळचा रस्ता वेगळा दिसला असता याविषयी मला शंका नाही.

दारं मोजणं हा माझा छंद वाटेल, पण डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांच्या निरीक्षणानुसार शंभर मीटर रस्त्यावर पंधरा-वीस दारं असली की तो रस्ता चालणाऱ्याला धरून ठेवतो. ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं दर चारपाच सेकंदांना काहीतरी नवं दिसत राहतं, पाय थकत नाहीत. दादरच्या रानडे रोडवर किंवा पुण्याच्या तुळशीबागेत हे आकडे सहज मागे पडतात. भिंतीशेजारून तेवढंच अंतर चालताना माणूस कंटाळतो, रात्री घाबरतो आणि पुढच्या वेळी टॅक्सी करतो. बाई असेल तर आधी करते. उघड्या दुकानाचा दिवा आणि आत बसलेला ओळखीचा माणूस यांचा सुरक्षिततेशी काय संबंध आहे, हे उशिरा घरी परतणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारावं. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात रस्त्यावर लागलेल्या डोळ्यांचं महत्त्व सांगितलं, तेव्हा त्यांनी गिरगाव-लालबागची चाळ पाहिली नसावी. इथं तर प्रत्येक मजल्याला गॅलरी होती. दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, त्यात दहाची नोट, भाजीवाला त्यात मेथीची जुडी आणि सुटे पैसे टाकायचा आणि वर बघून “ओढा, काकू” म्हणायचा. पाचव्या मजल्याच्या वर गेलं की रस्त्याशी असलेलं असं नातं तुटतं, असं गेल म्हणतात. सदतिसाव्या मजल्यावरच्या माणसाला खाली कोण आहे हे दिसतच नाही, ऐकूही येत नाही. म्हणून तर तळमजल्यावरची जबाबदारी टॉवरमध्ये चाळीपेक्षा जास्त आहे.

जुन्या इमारतीचा तळमजला कसा वापरला जायचा हे एकदा जवळून पाहायला हवं. लाकडी जिना असतो. जिन्याखाली तिरकी, उतरत्या छपराची पोकळी राहते, एका टोकाला माणूस उभा राहील आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्याचंही डोकं लागेल अशी. गिरगावात, परळमध्ये, काळबादेवीत या पोकळीत घड्याळजी बसलेला दिसतो. समोर हातभर काचेची पेटी, तिच्यात पट्टे आणि सेल, डोळ्याला भिंग, वर एक पिवळा दिवा. रात्री पेटीला कुलूप लावायचं, फळी आत सरकवायची, झालं दुकान बंद. कुठं तिथं किल्ल्या करणारा असतो, कुठं साड्यांना फॉल-बिडिंग करणारी बाई, कुठं इस्त्रीवाला. चारसहा चौरस मीटरही नसलेल्या त्या जागेत एक कुटुंब पोसलं जातं आणि चाळीतल्या शंभर घरांची अडलेली कामं होतात. नव्या टॉवरमध्ये दोन जिने असतात, आगीसाठी बंदिस्त आणि लोखंडी दाराचे. तसे ते असायलाच हवेत. पण घड्याळजीची ती जागा पुन्हा कुठल्याच आराखड्यात उगवत नाही. त्याच्याकडे पागडीची पावती नसते, तो पोटभाडेकरूही नसतो, त्यामुळे पुनर्विकासाच्या यादीत त्याचं नाव येत नाही.

ज्यांचं नाव येतं त्यांचीही कथा फार वेगळी नाही. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. दुकानदाराला आहे तेवढीच जागा मिळते. वाढीव काही नाही म्हणून मी रडत नाही. तोंड कुठल्या बाजूला मिळणार, हा खरा प्रश्न. करारात चौरस फूट लिहिलेले असतात, रस्त्याकडचं तोंड क्वचित लिहिलेलं असतं. शंभर वर्षं कोपऱ्यावर असलेल्या दुकानाला मागच्या बाजूला, रॅम्पच्या पलीकडे किंवा पहिल्या मजल्यावर गाळा मिळाला तर कागदोपत्री त्याचं पुनर्वसन झालेलं असतं आणि धंदा मेलेला असतो. इमारत बांधून होईपर्यंतच्या चारपाच वर्षांत त्याला भाडं मिळेल, गिऱ्हाईक मिळत नाही. सवय मोडली की ती परत लागत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो.

आणि जे गाळे नव्यानं विकायला येतात त्यांचं भाडं कुणाला परवडतं? बँकेला, औषधांच्या साखळी दुकानाला, दागिन्यांच्या शोरूमला, दोनशे रुपयांची कॉफी विकणाऱ्याला. नव्या बांधकामाचं भाडं नवा धंदा आणि लहान धंदा पेलू शकत नाही, म्हणून शहरात जुन्या इमारती लागतात, हे जेकब्ज यांचं म्हणणं मला मुंबईत रोज पटतं. पिठाची गिरणी, छत्री दुरुस्त करणारा, पुस्तकांची बांधणी करणारा, ब्लाउज शिवणारा, पिको करणारा, हे सगळे जुन्या भाड्यावर जगत होते. अलीकडे तर आणखी एक प्रकार आला आहे. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्या तळमजल्यावरचा मोठा गाळा घेतात, काचेवर स्टिकर चिकटवून आतलं सगळं झाकतात आणि बाहेर पोरं हेल्मेट घालून ऑर्डरची वाट बघत उभी राहतात. दुकान आहे, मालही आहे, पण त्यात पाऊल टाकायची कुणाला मुभा नाही.

आता दुसरी बाजू. ती मला मनापासून मान्य आहे. चाळींचा गोडवा बाहेर राहणाऱ्यांना जास्त वाटतो. बीडीडी चाळींत लोकांनी १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढल्या आणि पहाटे सार्वजनिक संडासापुढे रांगा लावल्या. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्या बायकांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती खंगल्या. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ज्या स्वस्त भाड्यावर तो जिवंत रस्ता उभा होता त्याच भाड्यानं ती इमारत पोखरली होती. जुनं जसंच्या तसं ठेवा, असं म्हणायचा मला काय, कुणालाच अधिकार नाही. टॉवर व्हावेत. माणसांना संडास, पाणी, लिफ्ट आणि स्वतःची खोली मिळावी. माझं भांडण पहिल्या पंधरा फुटांशी आहे. त्याच्या वरचं शहर लोकांनी हवं तसं बांधावं.

हे पंधरा फूट नियमानं घडवता येतात, याचा पुरावा मुंबईतच आहे. फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथं निरनिराळ्या मालकांनी निरनिराळ्या शैलींत इमारती बांधल्या. एक गॉथिक, एक नवअभिजात, एकीवर भारतीय नक्षी. पण तळमजल्यावर फुटपाथवर कमानींची सलग ओवरी ठेवायची, हे बंधन सगळ्यांना सारखं होतं. त्यामुळे आजही जुलैच्या पावसात छत्री न उघडता माणूस तिथून चालतो, एका हाताला दुकानं, दुसऱ्या हाताला खांबांना टेकून बसलेले पुस्तकवाले, पेनवाले, पट्टेवाले. मालकाचं वरचं स्वातंत्र्य तसंच राहिलं आणि खालचा रस्ता सगळ्यांचा झाला. त्याउलट वांद्रे-कुर्ला संकुल. तेही सरकारनंच आखलं, कोऱ्या जमिनीवर, हात मोकळे असताना. रुंद रस्ते, मोठाले भूखंड, भूखंडांना कुंपणं. रविवारी तिथं एका काडेपेटीसाठी किती चालावं लागतं ते चालून बघावं.

पुण्यानं अलीकडे एक चांगली सुरुवात केली आहे. २०२१पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद असतो. मोटार थांबली की गिऱ्हाईक थांबेल, अशी धास्ती दुकानदारांना नेहमीच असते. पण लक्ष्मी रस्त्यावर माणूस गाडी चालवताना साडी विकत घेत नाही. तो उतरून, चालत, चार दुकानं हिंडून, नको नको म्हणत घेतो. एक दिवस पुरेसा नाही हे उघड आहे. तरी लक्ष्मी रस्त्याची खरी कसोटी वाहनबंदीत नाही, ती पेठांमधल्या वाड्यांच्या जागी येणाऱ्या इमारतींत आहे. तळाला गाळे असलेला वाडा पाडून खाली नुसतं स्टिल्टचं पार्किंग आलं, तर वर्षातले ३६५ दिवस पादचारी दिन पाळूनही उपयोग नाही.

फेरीवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी, शहर विक्रेता समिती, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी, विक्रीची क्षेत्रं, सगळं त्यात आहे. दहा वर्षं उलटून गेली तरी मुंबईत हा प्रश्न मार्गी लागलेला नाही. दादर स्टेशनबाहेर चालायला वाट उरत नाही, ही तक्रार खोटी नाही. मीही तिथं धक्के खातो. पण दादरला जी गर्दी साचते ती थोडीफार बाकीच्या रस्त्यांवरून हाकललेली गर्दी आहे. चार रस्ते भिंतींनी बंद केले की पाचवा रस्ता तुंबणारच.

या सगळ्यात बिल्डरकडे बोट दाखवणं सोपं आहे. मला जास्त खटकतं ते आपलं मत. “खाली दुकानं नकोत, वर्दळ वाढते, कुणीही आत शिरतं, फ्लॅटचा भाव पडतो” हे वाक्य सोसायटीच्या सभांत मध्यमवर्गीय मराठी माणूसच बोलतो. तोच पुढे दिवाळीच्या तोंडावर तक्रार करतो की कंदील घ्यायलासुद्धा माहीमच्या कंदील गल्लीपर्यंत जावं लागतं. वास्तविक मोक्याच्या रस्त्यावर तळमजल्याच्या गाळ्याला चौरस फुटामागे फ्लॅटपेक्षा जास्तच भाव येतो, तेव्हा दुकानं देण्यात विकासकाचा तोटा नाही. भाग पाडायला कुणी नाही, एवढंच.

म्हणून मागणी साधी ठेवावी. ज्या रस्त्यावर आज बाजार आहे, त्या रस्त्याकडचा तळमजला पुनर्विकासानंतरही बाजाराचाच राहिला पाहिजे, अशी अट परवानगीत यावी. गाड्यांचे मजले दुकानांच्या मागे किंवा जमिनीखाली जावेत आणि मोटारींचं दार एकच असावं, शक्य तर आडरस्त्याला. गाळ्याच्या रुंदीवर वरची मर्यादा हवी, नाहीतर एकच शोरूम शंभर फूट अडवून बसते. जुन्या दुकानदाराला रस्त्याकडचं तोंड परत मिळालंच पाहिजे. जिन्याखालच्या घड्याळजीसाठी, इस्त्रीवाल्यासाठी, फॉल-बिडिंगवाल्या बाईसाठी हातभर रुंदीचे काही गाळे सोसायटीच्या मालकीचे ठेवून माफक भाड्यानं द्यावेत. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, नियमावलीतली दुरुस्ती पुरते. ज्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी एका दुरुस्तीनं एवढी उलथापालथ झाली, तिच्यात आणखी एक दुरुस्ती बसेल.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या इमारतींत या घडीला पुनर्विकासाच्या बैठका चालू असतील. कॉर्पस किती, कारपेट किती, भाडं किती, हे सगळं विचाराच. पण सही करण्याआधी आर्किटेक्टकडून तळमजल्याचा नकाशा मागून घ्या, फुटपाथच्या रेघेवर बोट ठेवा आणि तिथं किती दारं उघडतात ते मोजा. एकही नसेल, तर सही करू नका.